आठ वाजतां, पण कोठल्या घड्याळाचे?

लग्नपत्रिकेंत तिथि, मुहूर्त आणि स्थळ यांपैकीं एकहि गोष्ट गाळून चालत नाहीं, हें परभणी जिल्ह्यांतील कोणत्याहि घराला सांगावें लागत नाहीं. पण तेंच घर लंडनला राहणाऱ्या मुलाला ऑनलाइन भेटीचें बोलावणें धाडतांना 'रविवारीं आठ वाजतां' एवढेंच लिहितें.

परभणीस रात्रीचे आठ वाजतात, तेव्हां लंडनमध्यें हिवाळ्यांत दुपारचे अडीच आणि उन्हाळ्यांत साडेतीन झालेले असतात. कारण मार्चच्या अखेरच्या रविवारीं तेथील घड्याळें एक तास पुढें करतात व ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारीं मागें घेतात. भारतांत तशी चाल नाहीं.

यावर उपाय ऑनलाइन कॅलेंडरांतच आहे. वेळ नुसती मजकुरांत न लिहितां वेळेच्या रकान्यांत भरावी आणि भारतीय प्रमाणवेळ निवडावी. मग मुलाच्या फोनवर तीच वेळ लंडनच्या हिशेबानें उमटते. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅलेंडरांना परस्परांची नोंद वाचतां यावी, म्हणून १९९८ सालीं एक सामाईक पद्धति ठरविण्यांत आली.

विषय नुसता 'मीटिंग' नसावा. 'आजीच्या शस्त्रक्रियेचा निर्णय' असा स्पष्ट असावा. समाप्तीची वेळ द्यावी, स्थळाच्या जागीं लिंक द्यावी. बेत बदलल्यास नवें बोलावणें न धाडतां जुनीच नोंद दुरुस्त करावी. नाहीं तर दोन वेळा दिसून घोटाळा होतो.

नोव्हेंबरांत मुलगा उन्हाळ्याच्या हिशेबानें साडेतीनला पडद्यावर आला, तर गंगाखेडच्या घरांतील निर्णय तासाभरापूर्वींच होऊन गेलेला असतो, आणि त्याचें मत विचारावयाचें राहूनच जातें.