‘प्रत्येक व्यक्ती’ या शब्दांचा अन्वयार्थ : सां-दोमिंगमधील मुक्त कृष्णवर्णीयांचा वाद

कायद्यातील एखाद्या सामान्य शब्दाच्या व्याप्तीवरून रक्तपात व्हावा, अशी उदाहरणे इतिहासात थोडी आहेत. त्यांतील एक सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, घडले. १७८९ च्या सुमारास तेथे गोरे सुमारे ३०,००० आणि दास साडेचार लाखांहून अधिक होते. या दोहोंमध्ये मुक्त कृष्णवर्णीयांचा व मिश्रवंशीयांचा एक वर्ग होता. त्याची संख्या गोऱ्यांच्या संख्येच्या जवळपास पोहोचली होती. नीळ व कॉफी यांच्या लागवडीत या वर्गातील अनेक कुटुंबे संपन्न झाली होती, आणि त्यांच्या मळ्यांवरही दासच राबत होते.

मार्च १६८५ च्या राजाज्ञेने, जी ‘कोद नुआर’ म्हणून प्रसिद्ध आहे, मुक्त झालेल्या दासाला जन्मतः मुक्त असलेल्या माणसाचेच अधिकार दिले होते. ही आज्ञा रद्द न करता अठराव्या शतकात ती पोकळ करण्यात आली, आणि हे काम बऱ्याच अंशी भाषेकडून करवून घेण्यात आले. दस्तऐवजात या लोकांच्या नावापूर्वी ‘सिएर’ ही आदरवाचक उपाधी लावावयाची नाही. नावापुढे मात्र ‘मुक्त मुलातो’ किंवा तत्सम वर्णदर्शक शब्द अवश्य लिहावयाचा, असा दंडक पडला. १७७३ च्या नियमाने त्यांना गोऱ्यांची आडनावे वापरण्यास मनाई करून आफ्रिकी भाषांतून अथवा आपल्या व्यवसायावरून वा वर्णावरून नावे घेण्यास सांगितले. कित्येकांनी पित्याच्या नावातील एखादे अक्षर फिरवून या नियमाची पूर्तता केली. ज्या समाजात ‘मुक्त’ हे विशेषण मुद्दाम लिहावे लागते, तेथे त्याचा अर्थ ‘जो खरोखर मुक्त नाही असा’ होऊ लागतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

क्रांतीनंतर हा वाद पॅरिसला पोहोचला. २८ मार्च १७९० च्या सूचनापत्रात वसाहतींतील मताधिकार पंचवीस वर्षे वयाच्या, मिळकत असलेल्या ‘प्रत्येक व्यक्ती’ला देण्यात आला. या शब्दांत मुक्त वर्णीयांचा समावेश होतो काय, असा प्रश्न आबे ग्रेग्वार यांनी सभेत उपस्थित केला. परंतु चर्चा तोडण्यात आली. संदिग्धता येथे अनवधानाची नव्हती. एकच वाक्य पॅरिसमध्ये उदार आणि वसाहतीत निरुपद्रवी ठरावे, याची ती सोय होती.

व्हिन्सां ओजे याने तो शब्द त्याच्या सरळ अर्थाने घेतला. ऑक्टोबर १७९० मध्ये वसाहतीत परतून त्याने सूचनापत्राच्या अंमलबजावणीची मागणी केली व शस्त्र हाती घेतले. मळ्यांवरील दासांना उठविण्याचा आपला हेतू नाही, असे त्याने स्वतःच कळविले होते. फेब्रुवारी १७९१ मध्ये चक्रावर हाडे मोडून त्याचा वध करण्यात आला.

मे महिन्यात सभेत पुन्हा वाद झाला. वसाहतवाल्यांचे प्रतिनिधी मोरो द सां-मेरी यांनी ठरावात ‘दास’ हा शब्द स्पष्टपणे घालावा असा आग्रह धरला. तो शब्द उच्चारणे म्हणजे सभेने स्वतःची बेअब्रू करणे होय, असे रोब्सपिएर यांचे म्हणणे पडले. अखेर ‘मुक्त नसलेल्या व्यक्ती’ अशी शब्दयोजना झाली. तीमुळे एकाही दासाची स्थिती पालटली नाही. १५ मे १७९१ च्या ठरावाने ज्यांचे माता-पिता दोघेही मुक्त होते, एवढ्याच वर्णीयांना राजकीय अधिकार मिळाले.

या वर्गाचे पुढारी ज्युलियां रेमाँ यांचा युक्तिवाद येथे बारकाईने पाहावा लागतो. आपण करदाते आहोत, मळेवाले आहोत, दासांवर वचक ठेवण्यास वसाहतीला आपलाच आधार आहे, अशी त्यांची मांडणी होती. समतेची मागणी अशा रीतीने विषमतेच्या आधारावर उभी होती. या दोषाचा ठपका एकट्या रेमाँवर ठेवणे अन्यायाचे होईल. सभेला पटेल असा दुसरा युक्तिवाद त्या घडीला फारसा उपलब्ध नव्हता.

ऑगस्ट १७९१ मध्ये दासांनीच उठाव केला. सप्टेंबरमध्ये मेचा ठराव मागे घेण्यात आला, आणि ४ एप्रिल १७९२ च्या कायद्याने सर्व मुक्त वर्णीयांना समान राजकीय अधिकार देण्यात आले. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रान्सने आपल्या वसाहतींतील दासप्रथाच रद्द केली. आता सर्वच मुक्त झाल्यामुळे ‘मुक्त’ या शब्दाने भेद दाखविता येईना. तेव्हा वसाहतीच्या बोलीत ‘जुने मुक्त’ आणि ‘नवे मुक्त’ असे दोन शब्दप्रयोग रूढ झाले.