बाणभट्टाची ‘कादंबरी’ आणि चित्रकथा

मराठीत ज्या ग्रंथप्रकारास आपण कादंबरी म्हणतो, त्याचे नाव बाणभट्टाच्या ग्रंथावरून पडले, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्या ग्रंथाचा नायक आपल्याच उज्जयिनीचा राजपुत्र होता, हे आपल्या नगरातील किती मुलांस ठाऊक असेल? सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या आश्रयास असलेल्या बाणाने ‘कादंबरी’ रचावयास घेतली. ती अपुरी राहिली, ती त्याच्या पुत्राने पूर्ण केली. उज्जयिनीचा राजा तारापीड, त्याचा मुलगा चंद्रापीड. या मुलासाठी राजाने नगराबाहेर क्षिप्रेच्या काठी अर्धा कोस लांबीचे विद्यामंदिर बांधविले आणि सोळाव्या वर्षापर्यंत त्यास तेथून बाहेर पडू दिले नाही. (आमच्या शाळेची घंटा निदान रोज सुटीची तरी होते!)

असा हा ग्रंथ आपल्या घरचा असूनही आपण तो वाचीत नाही. बाणाचे एकेक वाक्य पानेच्या पाने चालते, एकेका शब्दातून दोन-दोन अर्थ निघतात, आणि लांबलचक समास सोडविता सोडविता कथेचा धागा हातून निसटतो. मग असे ग्रंथ विद्यार्थ्यांपर्यंत न्यावयाचे कसे?

या प्रश्नास अनेक देशांत चित्रकथेचे उत्तर दिले गेले आहे. पुढे ‘क्लासिक्स इलस्ट्रेटेड’ या नावाने प्रसिद्ध झालेली अमेरिकन माला १९४१ साली ड्यूमाच्या ‘थ्री मस्केटियर्स’ने सुरू झाली. आपल्याकडे अनंत पै यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ आरंभिली. तिच्यात ‘शाकुंतल’ आले, उज्जयिनीतच घडणाऱ्या ‘मृच्छकटिका’वरून ‘वसंतसेना’ आली, बंकिमचंद्रांचे ‘आनंदमठ’ही आले. पण आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते ते जपानचे उदाहरण. तेथे चित्रकथेस ‘मंगा’ म्हणतात. ओसामु तेझुका यांनी १९५३ मध्येच डोस्टोव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीचा मंगा केला होता. जपानची स्वतःची अभिजात कादंबरी म्हणजे मुरासाकी शिकिबू या दरबारातील स्त्रीने सुमारे एक हजार वर्षांपूर्वी लिहिलेली ‘गेंजीची कथा’. तिची चौपन्न प्रकरणे जुन्या भाषेत आहेत, आणि माणसांचा उल्लेख बहुधा नावाने न होता पदवीने होतो. पदवी बदलली की वाचक गोंधळतो. यामातो वाकी या चित्रकर्तीने १९७९ ते १९९३ या काळात तिचा मंगा केला. चेहरे डोळ्यांपुढे असले की पदवी बदलूनही माणूस ओळखू येतो. म्हणून प्रवेशपरीक्षेची तयारी करणारे विद्यार्थीही तो वाचतात.

आता हीच कसोटी ‘कादंबरी’स लावून पाहू. येथे कथेच्या पोटात कथा आहे. विदिशेच्या शूद्रक राजापुढे एक पोपट बोलू लागतो; तो जाबाली ऋषींनी सांगितलेली कथा सांगतो; आणि त्या कथेत महाश्वेता चंद्रापीडास आपली कहाणी सांगते. कोण कोणास सांगत आहे, हे गद्यात विसरावयास होते. चित्रकार मात्र प्रत्येक कथेच्या चौकटीस निराळी किनार देऊन हा गुंता क्षणात उलगडू शकेल. नगरवर्णनाचेही तसेच. उज्जयिनीचा तट, खंदक, बाजार, क्षिप्रा यांचे एक पानभर चित्र नजरेत भरेल. मात्र त्या वर्णनातील श्लेष कोणत्याही कुंचल्यास साधणार नाही.

त्याहून मोठी अडचण पुढेच आहे. (ज्यांस कथेचे रहस्य आताच नको असेल, त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) पहिल्या पानावरचा शूद्रक हा पुनर्जन्म घेतलेला चंद्रापीडच होय, हे वाचकास अगदी शेवटी कळते. शब्द ते सहज लपवितात. चित्रकाराने काय करावे? दोघांस एकच चेहरा दिला, तर रहस्य आरंभीच फुटते. निराळा दिला, तर शेवटची ओळख पटत नाही. मुखवट्याने, छायेने किंवा पाठमोऱ्या आकृतीने काही युक्ती काढता येईल, पण तिच्यासाठी मूळ ग्रंथ नीट वाचलेलाच चित्रकार हवा.

आणि एक स्थळ असे आहे की तेथे चित्राने बाजूस व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. विद्या संपवून आलेल्या चंद्रापीडास यौवराज्याभिषेकापूर्वी वृद्ध मंत्री शुकनास उपदेश करतो: तारुण्य, सत्ता आणि लक्ष्मी शहाण्या माणसासही कशी आंधळी करतात, याचा. चित्रात काढावयाचे तर काय, एक म्हातारा बोलत आहे आणि एक तरुण ऐकत आहे! दोन चौकटींत तो आटोपला, तर ग्रंथाचा प्राणच गेला. येथे चौकटी थांबवून उपदेशाचा सुबोध मराठी अनुवाद सबंध छापावा आणि वर्गात मोठ्याने वाचावा.

वर्गासाठी आम्हांस एक साधा प्रयोग सुचतो, त्यास छापील चित्रकथेचीही गरज नाही. गुरुजींनी बाणाचे उज्जयिनीचे वर्णन अनुवादातून सावकाश वाचावे. मुलांनी ऐकता ऐकता वहीच्या एका पानावर ते रेखाटावे. मग तेच वर्णन पुन्हा वाचावे आणि चित्रात जे आले नाही, त्याची यादी प्रत्येकाने पानाच्या पाठीमागे करावी.