पाण्याखालच्या वाड्यातला पाटा कुणाचा?

पाऊस दगा देतो त्या वर्षी निफाड तालुक्यातल्या चांदोरीला गोदावरीचं पात्र उघडं पडतं. एरवी पाण्यात असलेली जुनी दगडी मंदिरं आणि मूर्ती वर येतात. हे दृश्य चांदोरीपुरतं नाही. धरणांच्या फुगवट्यात गेलेली गावठाणं राज्यभर आहेत. इंदापूरकडच्या उजनी जलाशयातलं पळसदेवचं मंदिर तर अनेकांनी पाहिलं असेल. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की जोती, ओटे, विहिरींचे कठडे दिसू लागतात आणि दुसरीकडे वसवलेली माणसं आपल्या घराची जागा शोधत येतात. अशा वेळी आजीचा पाटा सापडतो, तुळशीवृंदावनाचा घडीव दगड सापडतो, कधी चिखलात रुतलेला कुलदैवताचा टाक हाती लागतो. तो उचलून घरी न्यावा का?

‘आमचंच तर आहे’ हे उत्तर मनापासून येतं आणि त्यात लबाडी नसते. पण इथे प्रश्न दोन आहेत. वस्तू कुणाची हा एक, आणि ती आज जिथे पडली आहे तिथून हलवण्याचा अधिकार कुणाचा हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुमच्या बाजूचं असलं तरी दुसऱ्याचं विरुद्ध जाऊ शकतं. नाशिक जिल्ह्यात गढ्या, किल्ले, लेणी आणि जलाशय इतके दाटीवाटीनं आहेत की हा फरक इथल्या माणसाला ठाऊक असायलाच हवा.

आधी धरणाखालच्या घराचं पाहू. जुनी संपादनं 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली झाली. त्या कायद्यात जमीन म्हणजे नुसती माती नव्हे. जमिनीला कायमचं जोडलेलं सगळं त्यात आलं. ताबा घेतला की ते सारं बोजारहित होऊन शासनाकडे जातं. म्हणजे भिंत, भिंतीत बसवलेली चौकट, जोत्याचे चिरे, अंगणात पुरून बसवलेलं उखळ यांचा मोबदला निवाड्यात धरला गेला असेल, तर त्यावरचा कुटुंबाचा हक्क तेव्हाच संपला. पाटा-वरवंटा, जातं, देवघरातले टाक या सुट्या वस्तू. त्या जमिनीबरोबर आपोआप शासनाच्या होत नाहीत. मात्र साठ वर्षं त्यांच्याकडे कुणी फिरकलंच नसेल, तर त्या टाकून दिल्या होत्या की नाइलाजानं मागे राहिल्या, असा वाद निघू शकतो. म्हणून निवाड्याची नक्कल काढणं ही पहिली पायरी. घरामागे काय मोजलं होतं, काय न्यायची मुभा होती, हे त्या कागदावरून कळतं. आजोबांची आठवण कितीही खरी असली तरी कचेरीत तिच्यावर शिक्का बसत नाही.

चोरीच्या व्याख्येकडेही इथे नीट पाहायला हवं, कारण लोक उगाच घाबरतात किंवा उगाच बेफिकीर राहतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 303 चोरीचं आहे. जुन्या दंड संहितेसारखीच तिथेही अप्रामाणिक हेतूची अट आहे. दुसऱ्याची वस्तू आपलीच आहे अशा प्रामाणिक समजुतीनं कुणी नेली तर ती चोरी होत नाही, असं उदाहरणच कायद्यात दिलेलं आहे. आजीचा पाटा उचलणाऱ्या नातवाला हे मोठं संरक्षण आहे. जमिनीला जोडलेली वस्तू मात्र उपटून सुटी केली की चोरीचा विषय होऊ शकते. पहार घेऊन जोत्याचा चिरा काढणारा आणि वाळूवर पडलेला वरवंटा उचलणारा कायद्याच्या नजरेत सारखे नाहीत.

पण ही प्रामाणिक समजूत सगळीकडे कामाला येत नाही. आपल्याकडचे पुष्कळ डोंगरी किल्ले वनजमिनीत आहेत. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात वनातला दगड आणि वरची मातीसुद्धा वनोपजात मोडते, आणि राखीव वनातून वनोपज हलवणं हा गुन्हा आहे. तुमचे पूर्वज गडावर किल्लेदार असतील, त्यांच्या वाड्याचं जोतं तुम्हाला ठाऊक असेल. तरी तिथला घडीव चिरा वनखात्याच्या ताब्यातला आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधनं आणखी वेगळी.

सगळ्यात कडक पहारा संरक्षित स्मारकांचा. पांडवलेणी आणि सिन्नरचं गोंदेश्वर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. राज्याची संरक्षित स्मारकं 1960 च्या महाराष्ट्र कायद्याखाली येतात. केंद्राच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून संरक्षित स्मारकातून मूर्ती, शिल्प किंवा शिलालेख हलवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्मारकाच्या आवारातली वीरगळ कुणाच्या पणजोबांच्या पणजोबांची असली तरी ती तिथेच राहते. हे मला योग्यच वाटतं. वीरगळ जिथे उभी आहे तिथली वाट, शीव, जवळचं देऊळ यांच्यासह ती वाचली जाते. बंगल्याच्या बागेत आणून उभी केली की तिच्यावर कोरलेली लढाई कुठली होती, हे सांगणारं कुणी उरत नाही.

जमिनीत पुरलेली वस्तू सापडली तर 1878 चा निखात निधी कायदा लागतो. हा कायदा नीट माहीत असलेली माणसं मला फार थोडी भेटली आहेत, आणि नेमका तोच कुटुंबांच्या उपयोगाचा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही जमिनीत दडवलेलं सापडलं तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तिच्यासाठी तारण द्यायचं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख देतात. पुढची तरतूद महत्त्वाची: ही वस्तू गेल्या शंभर वर्षांत दावेदारानं किंवा त्याच्या पूर्वजानं पुरलेली असावी असं वाटलं, तर जिल्हाधिकारी प्रकरण थांबवून त्याला दिवाणी न्यायालयात हक्क सिद्ध करण्याची मुदत देतात. पणजीनं या शंभर वर्षांच्या आत दागिने माजघरात पुरले असतील, तर तुमच्यासाठी ही वाट आहे. मालक सिद्ध झाला नाही आणि जागामालकानं दावा सांगितला, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला एक चतुर्थांश मिळतो. शासनाला निधी हवा असल्यास धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन ते तो घेऊ शकतं. ‘सापडलं की सरकार फुकट घेऊन जातं’ ही गावोगावची समजूत त्यामुळे खरी नाही. ही समजूत दूर झाली तर कितीतरी वस्तू सोनाराच्या मुशीत जाण्यापासून वाचतील.

निधी एकत्र राहिल्यानं काय मिळतं, त्याचं नाशिकइतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे सापडणं कठीण. 1906 साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली. त्यांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा उमटवला होता. सातकर्णीनं नहपानाच्या क्षहरात घराण्याचा नाश केला, असं पांडवलेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या लेखात कोरलेलं आहे. नाण्यांनी ते चांदीत दाखवून दिलं. दहा-वीस नाणी वाटून घेतली असती आणि बाकीची आटवली असती, तर महाराष्ट्राच्या इतिहासाचा हा पुरावा हातचा गेला असता.

आता घरात आधीपासून असलेल्या जुन्या वस्तूंचं थोडक्यात. 1972 चा पुरावशेष व कलानिधी कायदा 5 एप्रिल 1976 पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते. महत्त्वाच्या हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशी वस्तू बाळगणं हा गुन्हा नाही, पण शिल्प, चित्र, हस्तलिखित अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते. परदेशी नेण्यावर बंदी आहे. अमेरिकेतल्या लेकीच्या सामानात पणजीच्या देव्हाऱ्यातला देव ठेवण्याआधी तो पुरावशेष नाही, असा पुरातत्त्व खात्याचा दाखला घ्या.

कागदांबद्दल मला विशेष कळकळीनं सांगायचं आहे. पडक्या वाड्यातून लोक तांबं-पितळ नेतात आणि रुमालात बांधलेली दप्तरं वाळवीला सोडतात. याच चांदोरीशी नातं असलेलं हिंगणे घराणं पेशव्यांची दिल्लीतली वकिली करत होतं. त्यांचं दप्तर जपलं गेलं, भारत इतिहास संशोधक मंडळानं ते छापलं, म्हणून दिल्ली दरबारातलं मराठ्यांचं राजकारण आज तारखेनिशी वाचता येतं. कुटुंबाला ठेवा जपायचा असेल तर पहिला हात कागदांना लावा.

कायद्यात एक उणीव आहे आणि ती शासनानं भरून काढायला हवी. विस्थापित कुटुंबाला उघड्या पडलेल्या गावठाणातून आपली सुटी वस्तू रीतसर परत मागता येईल, असा साधा अर्जाचा नमुना असावा. तलाठ्याचा पंचनामा, पुरातत्त्व खात्याची पाहणी आणि ठरलेल्या दिवसांत उत्तर एवढीच त्याची मागणी. ज्यांनी धरणासाठी घर दिलं त्यांना आजीच्या पाट्यासाठी गुन्हेगारासारखं लपावं लागू नये.

तोवर जे हाती आहे ते करा. जागेचा सातबारा पाहून ती पाटबंधारे, वन की महसूल खात्याची हे ठरवा. वस्तू न हलवता मोजपट्टीसह फोटो काढा. जुना फोटो, वाटणीपत्र, निवाडा असा पुरावा जोडून त्या खात्याला अर्ज द्या, प्रत नाशिकच्या सरकारवाड्यातल्या पुरातत्त्व कार्यालयाला पाठवा आणि पोच घ्या. दिवाळीत धरणं भरलेली असतात आणि पाणी ओसरायला उन्हाळा उजाडतो. कागद जमवायला मधले महिने हाताशी असतात. अर्ज आत्ताच लिहायला घ्या.