बहुमताचे राज्य आणि जमीन



इंदापुरावरून जाणारा आपला पुणे-सोलापूर रस्ता पुढे नळदुर्गमार्गे हैदराबादेस जातो. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्याची मुख्य फौज सोलापुराहून त्याच वाटेने निघाली आणि पाचव्या दिवशी निजामी राजवट संपली. मराठवाड्याचे मुक्तिदिन आपण साजरे करतो. पण राज्य मूठभरांच्या हातून बहुसंख्यांच्या हाती येते तेव्हा नेमके काय बदलते, हा प्रश्न क्वचितच विचारतो.

हैदराबाद संस्थानात 1941 च्या शिरगणतीप्रमाणे दीड कोटीहून अधिक प्रजा होती. ती बोले तेलुगू, मराठी, कानडी. वरचा कारभार चाले उर्दूत. मतदानाने सरकार बदलण्याचा हक्क कोणालाच नव्हता. स्टेट काँग्रेसवर तर 1938 साली, ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. हा हिंदू-मुसलमानांचा सरळ झगडा होता असे मात्र समजू नये. जहागीरदार-देशमुखांत हिंदूही पुष्कळ होते, आणि गरीब मुसलमानाला सत्तेत वाटा नव्हता. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट 1948 मध्ये हत्या झाली. उलट, सैन्य शिरल्यानंतर अनेक गावांत निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली. सर्वांत पोळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आणि नांदेड हे होते. बहुमताचे राज्य म्हणजे बहुसंख्यांचा सूड नव्हे, हे तेव्हाच शिकायला हवे होते.

आता आफ्रिकेकडे पाहू. ऱ्होडेशियात वीस माणसांत एक गोराही भरत नसे. तरी 1969 च्या कायद्याने जवळजवळ निम्मी जमीन गोऱ्यांसाठी राखली होती. 11 नोव्हेंबर 1965 रोजी इयान स्मिथ यांच्या सरकारने ब्रिटनला न जुमानता स्वातंत्र्य पुकारले. निजामानेही 1947 साली स्वतंत्र राहण्याचाच हट्ट धरला होता. येथे लढाई पाच दिवसांत आटोपली. तेथे गनिमी युद्ध वर्षानुवर्षे चालले. डिसेंबर 1979 मध्ये लंडनला करार झाला, 1980 च्या फेब्रुवारीत सर्वांनी मत दिले आणि 18 एप्रिलला झिंबाब्वे जन्मला.

पण जमीन? दहा वर्षे ती राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच घ्यायची, असे करारात ठरले. मत मिळाले, मळे बहुतांशी तसेच राहिले. तुंबलेला तो प्रश्न 2000 सालानंतर जबरीच्या ताब्यांनी फुटला. त्यात मळ्यांवर राबणाऱ्या असंख्य मजुरांची रोजी गेली, आणि वाटपात त्यांना क्वचितच जागा मिळाली.

हैदराबादेत क्रम उलटा होता. संस्थानचा सुमारे 40 टक्के मुलूख जहागिरींत व निजामाच्या खाजगीत होता. 15 ऑगस्ट 1949 रोजी जहागिरी रद्द झाल्या, 1950 साली कूळकायदा झाला, आणि मग 1952 ची निवडणूक. आधी जमीन, मागून मत. हे मोठेच काम होते. तथापि कायद्याला कूळ दिसले, मजूर दिसला नाही. ज्याचे नाव कूळ म्हणूनही कागदावर नव्हते, तो होता तेथेच राहिला. त्यात मुलूख अवर्षणाचा.

म्हणून आज हंगाम लागला की बीडकडची माणसे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या कारखान्यांच्या उसात कोयता चालवायला येतात. नीरेच्या कालव्याने आपल्याला पाणी दिले, त्या पाण्याचा ऊस ती तोडतात. मुकादमाची उचल घेऊन आलेले नवराबायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. तिच्या हातचे काम असते, हिशेबात तिचे वेगळे नाव नसते. मतदारयादीत मात्र दोघांची नावे दोन.

आम्ही संघटनेची माणसे एवढेच मागतो : कोयत्यातल्या दोघांची नोंद दोन नावांनी व्हावी, मजुरी ज्याच्या-तिच्या हाती पडावी आणि उचलीचा हिशेब लेखी मिळावा. यासाठी ना फौज लागते, ना लंडनचा करार. कारखान्यांचे सभासद याच सभामंडपात बसले आहेत. त्यांनी वार्षिक सभेत हा ठराव मांडला, तर 1948 साली सोलापुराहून निघालेले काम थोडे पुढे सरकेल.