दुसरी संचालन प्रणाली काढून टाकल्यानंतर संगणक सुरू न होणे : कारणमीमांसा व उपाय

प्रस्तावना :

प्राध्यापकांच्या संगणकात केवळ पाठटिपणे नसतात. प्रबंधाची प्रकरणे, क्षेत्रभेटीतील मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असा अनेक वर्षांचा संचय त्यात असतो. अशा संगणकावर विंडोजच्या जोडीला उबुंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस यांसारखी लिनक्सवर आधारित संचालन प्रणाली बसविली जाते. कालांतराने तिचा वापर थांबतो आणि जागा मोकळी करण्यासाठी विंडोजमधूनच लिनक्सचे पार्टिशन पुसले जाते. त्या क्षणी सर्व काही सुरळीत दिसते. पुढच्या वेळी संगणक सुरू करताच मात्र काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरे उमटतात.

अशा प्रसंगी 'डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाका' असा सल्ला सर्रास दिला जातो. मराठीच्या अभ्यासकाला तो विशेष महागात पडतो. फायलींची प्रत नसेल तर त्या जातातच. पण जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर अन्यत्र जतन केलेला असला, तरी ते फाँट पुन्हा मिळेपर्यंत तो निरर्थक चिन्हांच्या रांगांसारखा दिसतो. वस्तुतः बहुतेक वेळा विंडोज व फायली जागच्या जागी सुरक्षित असतात. हरवलेली असते ती केवळ त्यांच्यापर्यंत नेणारी वाट. ती कशी हरवते व पुन्हा कशी मिळवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संगणक सुरू होण्याची प्रक्रिया :

कळ दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर जागे होते. ते विंडोजला थेट ओळखत नाही. बूट लोडर नावाच्या छोट्या प्रोग्रामकडे सूत्रे सोपविते आणि तो संचालन प्रणाली स्मृतीत आणतो. हे हस्तांतर दोन पद्धतींनी होते.

पहिली पद्धत जुन्या बायोसची. तीत डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड, वाचला जातो. त्यातील ४४६ बाइट बूट संकेतासाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदींसाठी आणि २ बाइट ओळखचिन्हासाठी असतात. ही रचना १९८३ मधील पीसी-डॉस २.० पासून चालत आली आहे.

दुसरी पद्धत यूईएफआयची. येथे पहिल्या सेक्टरमधील संकेताला महत्त्व नसते. ईएफआय सिस्टिम पार्टिशन या फॅट स्वरूपातील लहान पार्टिशनात प्रत्येक संचालन प्रणालीचा बूट लोडर स्वतंत्र फोल्डरमध्ये असतो. त्यांपैकी कोणता आधी चालवावा, हा क्रम मदरबोर्डवरील कायमस्वरूपी स्मृतीत नोंदविलेला असतो.

बिघाडाचे कारण :

लिनक्स बसविताना सामान्यतः ग्रब हा बूट लोडर येतो. त्याची मूळ आखणी एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये केली. बायोस पद्धतीत ग्रबचा आरंभीचा अंश पहिल्या सेक्टरमध्ये व त्यालगतच्या मोकळ्या जागेत राहतो. उर्वरित भाग व निवडसूची मात्र लिनक्सच्या पार्टिशनात असते. पार्टिशन पुसले की हा दुसरा भाग नाहीसा होतो, पहिला तसाच राहतो. दारावरचा पहारेकरी जागेवर आहे, पण किल्ल्यांचा जुडगा ज्या खोलीत होता ती खोलीच पाडली गेली, अशी ही अवस्था होय.

यूईएफआय पद्धतीत ग्रबचा फोल्डर ईएफआय पार्टिशनात शाबूत राहतो व बूटक्रमातही तोच प्रथम असतो. तो सुरू होतो, परंतु निवडसूची न सापडल्याने आज्ञेची वाट पाहत थांबतो. दोन्ही प्रकारांत विंडोजला धक्का लागलेला नसतो.

दुरुस्तीपूर्वीची दक्षता :

प्रथम फायली वाचवाव्यात. दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हने संगणक सुरू केल्यास, काहीही न बसविता विंडोजमधील फायली बाह्य डिस्कवर उतरविता येतात. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर रिकव्हरी की हाताशी असावी. बूटक्रम बदलल्यावर ती मागितली जाण्याची शक्यता असते.

त्यानंतर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हने संगणक सुरू करून, 'इन्स्टॉल' न निवडता दुरुस्तीचा पर्याय घ्यावा व त्यातून कमांड प्रॉम्प्ट उघडावा. 'डिस्कपार्ट' सुरू करून 'लिस्ट डिस्क' ही आज्ञा दिल्यावर डिस्कसमोर जीपीटी या रकान्यात तारांकन दिसले, तर संगणक सामान्यतः यूईएफआय पद्धतीचा समजावा. याच साधनातील 'क्लीन' ही आज्ञा चुकूनही देऊ नये. तिने डिस्कवरील सर्व पार्टिशनांच्या नोंदी पुसल्या जातात. येथे देवनागरीत दिलेल्या आज्ञा टंकताना रोमन लिपी वापरावी.

बायोस पद्धतीतील उपाय :

'बूटरेक /फिक्सएमबीआर' या आज्ञेने पहिल्या सेक्टरमधील ग्रबचा संकेत जाऊन विंडोजचा संकेत येतो. पार्टिशनांच्या नोंदींना स्पर्श होत नाही. त्यानंतर 'बूटरेक /फिक्सबूट' ही आज्ञा द्यावी. तरीही विंडोज सापडत नसेल तर 'बूटरेक /रीबिल्डबीसीडी' वापरावी. विंडोजचा संकेत 'अॅक्टिव्ह' अशी खूण असलेलेच पार्टिशन शोधतो. ग्रबला या खुणेची गरज नसते. ही खूण पुसलेल्या पार्टिशनासोबत गेली असेल, तर डिस्कपार्टमध्ये विंडोजच्या बूट फायली असलेले पार्टिशन निवडून 'अॅक्टिव्ह' ही आज्ञा द्यावी लागते.

यूईएफआय पद्धतीतील उपाय :

येथे 'फिक्सएमबीआर'चा उपयोग होत नाही. प्रथम फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन बूटक्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' वर आणावा. बहुधा एवढ्यानेच काम भागते आणि वरील पेनड्राइव्हची गरजही उरत नाही.

ही नोंदच नसेल तर डिस्कपार्टमध्ये ईएफआय पार्टिशन निवडून 'असाइन लेटर=एस' या आज्ञेने त्याला अक्षर द्यावे. डिस्कपार्टमधून बाहेर पडून 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय' ही आज्ञा द्यावी. दुरुस्तीच्या वातावरणात ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. म्हणून विंडोजचा फोल्डर खरोखर सी ड्राइव्हवर आहे काय, हे 'डीआयआर' आज्ञेने आधी पाहून घ्यावे. ईएफआय पार्टिशनात उरलेला लिनक्सचा फोल्डर तसाच राहिला तरी अपाय नाही. मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डरला मात्र हात लावू नये.

प्रतिबंध :

हा बिघाड मुळात चुकीच्या क्रमामुळे होतो. लिनक्स काढायचे असल्यास आधी फायलींची प्रत घ्यावी. नंतर बूटची सूत्रे विंडोजकडे सोपवावीत. संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा व तो ग्रबविना सरळ विंडोजमध्ये जातो याची खात्री करावी. आणि सर्वांत शेवटी पार्टिशन पुसावे. मोकळी झालेली जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्हला जोडता येते. मात्र त्यासाठी ती त्याच्या लगतच उजवीकडे असावी लागते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आल्यास जोडणी होत नाही. अशा वेळी मोकळ्या जागेचा स्वतंत्र ड्राइव्ह करणे अधिक सुरक्षित.

निष्कर्ष :

१. संगणक सुरू न होणे आणि माहिती नष्ट होणे या भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत बिघाडात सामान्यतः केवळ पहिली घडलेली असते.

२. बायोस व यूईएफआय यांतील भेद न ओळखता केलेली दुरुस्ती निष्फळ ठरते. म्हणून निदान आधी व आज्ञा नंतर, हा क्रम पाळावा.

३. फॉरमॅट हा अखेरचा उपाय होय. तंत्रज्ञाच्या हाती संगणक देतानाही 'फॉरमॅट करण्यापूर्वी विचारावे' अशी लेखी सूचना द्यावी. अनेक वर्षांचे संशोधन वाचविण्यास प्रसंगी एवढी एक ओळही पुरेशी ठरते.