झाकणं उघडणारी बॅटरी

जुनी प्रीमियर पद्मिनी सांभाळणारा माणूस बॅटरीच्या दुकानात गेला की बोलणं सुरू होतं कंपनीच्या नावावरून आणि संपतं वॉरंटीच्या महिन्यांवर. त्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. गाडीला डायनॅमो आहे की अल्टरनेटर? आणि गाडी रोज चालते की रविवारी? चांगली बॅटरी कोणती हे या दोन उत्तरांवर ठरतं. वॉरंटीचं कार्ड नव्या गाड्यांचा वापर डोळ्यांसमोर ठेवून छापलेलं असतं.

पद्मिनी इथे मुद्दाम घेतली, कारण महाराष्ट्रात हौसेने जपलेल्या जुन्या गाड्यांत ती सगळ्यात ओळखीची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली, आणि तीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने घराघरांत पोचली. इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईच्या टॅक्सीत ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत टिकली. आता ज्या उरल्या आहेत त्या बहुतेक घरच्या, आठवड्यातून एखाद्या दिवशी बाहेर निघणाऱ्या. बॅटरीच्या दृष्टीने हा वापर टॅक्सीच्या वापरापेक्षा कठीण आहे.

तो कठीण का, हे बॅटरीच्या पोटात दडलेलं आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाच्या पत्र्यांची पहिली पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. कामीय फोरने १८८१ मध्ये शिशाच्या जाळीवर लेप देऊन तिची ताकद वाढवली. आजही गाडीत तीच रचना आहे. एका प्लेटवर लेड डायऑक्साइड, दुसरीवर मऊ सच्छिद्र शिसं, मध्ये पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड. वीज बाहेर पडते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि ॲसिडचं पाणी होत जातं. लगेच चार्ज केलं तर हे सल्फेट विरघळतं. उतरलेली बॅटरी तशीच काही आठवडे पडून राहिली तर त्याचे टणक खडे होतात आणि तेवढी प्लेट कायमची कामातून जाते. जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या बहुतेक वेळा अशा पडून राहून मरतात. नाव मात्र कंपनीचं खराब होतं.

दुसरी अडचण डायनॅमोची. अल्टरनेटर आयडलिंगलाही बऱ्यापैकी वीज देतो. डायनॅमोला फेरे लागतात. सिग्नलला उभं असताना चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो तो त्यामुळेच. पावसाळी संध्याकाळी हेडलाइट आणि वायपर चालू ठेवून दादरहून अंधेरीला जायचं म्हटलं की इंजिन चालू असूनही बॅटरी रिकामी होत राहते. उलट, कटआउटच्या डब्यातले रेग्युलेटरचे पॉइंट जळून चिकटले तर मोकळ्या रस्त्यावर व्होल्टेज १५ च्या वर जातं आणि ॲसिडमधलं पाणी वायू होऊन उडतं. म्हणजे एकाच गाडीत बॅटरी कधी उपाशी राहते, कधी जास्त खाते.

हे दोन्ही सोसते ती साधी, पाणी घालायची, झाकणं उघडणारी बॅटरी. माझं मत याबाबत पक्कं आहे. तिच्या जाळीत शिशाबरोबर थोडं अँटिमनी असतं. त्यामुळे पाणी लवकर कमी होतं आणि पडून राहिली तर चार्जही लवकर उतरतो, पण पूर्ण उतरल्यावर ती पुन्हा उठते. कॅल्शियमची सीलबंद बॅटरी पाण्याची कटकट वाचवते, मात्र नीट भरायला तिला साधारण १४.४ व्होल्ट सातत्याने लागतात आणि खोलवर उतरली की ती सहसा सावरत नाही. काचेच्या तंतूंच्या चटईत ॲसिड मुरवलेल्या महागड्या एजीएम बॅटरीचंही जुन्या कटआउटशी जमत नाही. जास्त व्होल्टेज मिळालं की तिच्यातला ओलावा व्हॉल्व्हमधून निघून जातो आणि तो परत घालायला वाट नसते. ज्यांच्या गाडीला पुढे अल्टरनेटर बसवलाय, त्यांनी हेडलाइट लावून, रेस थोडी वाढवून टर्मिनलवर मीटर धरावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत असतील तर सीलबंद बॅटरी खुशाल घ्यावी.

झाकणं उघडण्याचा आणखी मोठा फायदा म्हणजे हायड्रोमीटर. सहाही सेलमधल्या ॲसिडची घनता त्यावर वेगवेगळी कळते. पाच सेल १.२४० दाखवतात आणि एक १.१८० वर अडतो, तेव्हा दोष कुठे आहे ते मीटरपेक्षा आधी समजतं. सीलबंद बॅटरीवरचा हिरवा ठिपका एकाच सेलचं सांगतो. घनतेचे आकडे वाचताना परदेशी पुस्तकांपासून मात्र सावध राहावं. थंड देशांत भरलेल्या बॅटरीची घनता १.२७० च्या आसपास धरतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत प्लेटा टिकाव्यात म्हणून ॲसिड मुळातच हलकं, १.२४० च्या जवळपास ठेवण्याची पद्धत आहे. अशी पूर्ण भरलेली बॅटरी १२.५ व्होल्टच दाखवते. ते वाचून कुणी ॲसिड घालायला निघालं तर बॅटरीची वाट लागते. वरून घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर.

मोठी बॅटरी म्हणजे जास्त भरवसा, हाही समज सोडायला हवा. सेल्फने घेतलेली वीज लहान-मोठ्या दोन्ही बॅटऱ्यांत तेवढीच परत भरावी लागते. वरची क्षमता नुसती पडून राहते, आणि मोठा डबा ट्रेमध्ये नीट न बसल्याने हलतो. हलणाऱ्या डब्यात प्लेटांवरचा लेप झडतो. त्यापेक्षा टर्मिनलकडे बघावं. आजच्या अनेक छोट्या गाड्यांसाठी येणाऱ्या बॅटऱ्यांचे टर्मिनल बारीक असतात, पद्मिनीचे क्लॅम्प जाड. मग कोणीतरी पट्टी नाहीतर खिळा ठोकून जागा भरतो, तिथे ठिणगी पडते, पांढरं धरतं आणि सेल्फ टक्-टक् करून थांबतो. जाड टर्मिनलचीच बॅटरी मागावी, आणि पॉझिटिव्ह कुठल्या बाजूला हवा तेही सांगावं.

त्याहून जुन्या गाड्यांचं शास्त्र वेगळं. १९६७ च्या आधीच्या बहुतेक बीटल ६ व्होल्टच्या. तिथे तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाड हवी. बाजारात मिळणारी १२ व्होल्टची बारीक केबल लावली की नवी बॅटरीही मेल्यासारखी वागते. त्या काळातल्या पुष्कळ ब्रिटिश गाड्या, मॉरिस मायनर धरून, पॉझिटिव्ह अर्थच्या. तिथे सवयीने काळी वायर बॉडीला जोडली तर नंतर बसवलेला ट्रान्झिस्टर रेडिओ जळतो.

नवी बॅटरी घेण्याआधी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी तपासावी. सेल्फ मारताना मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरायची (पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत निगेटिव्हच्या जागी पॉझिटिव्ह). अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थिंगचा. ती पट्टी घासून बसवायला फार खर्च येत नाही. मग हौसेने लावलेली म्युझिक सिस्टिम आणि अलार्म पाहावेत. गाडी बंद असताना ५० मिलीअँपिअर जात असतील तर दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपिअर-अवर होतात. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तेवढ्यानेच संपते. हाताने फिरवायचा आयसोलेटर स्विच यावर सगळ्यात स्वस्त इलाज.

दुकानात उत्पादनाची तारीख विचारून घ्यावी. भरलेली बॅटरी फळीवरही उतरते. ड्राय चार्ज्ड मिळाली तर उत्तम. तिच्यात ॲसिड आपल्यासमोर भरलं जातं आणि आयुष्य तिथून सुरू होतं. भरल्यावर प्लेटा मुरायला अर्धा तास द्यावा, मग मंद चार्जिंगला लावावी, झाकणं सैल ठेवून आणि विडी-सिगारेट लांब ठेवून, कारण निघणारा हायड्रोजन पेट घेतो. जुनी बॅटरी त्याच दुकानात परत द्यावी. रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे गेली तर तिचं ॲसिड गटारात जातं आणि शिसं कुठल्यातरी उघड्या भट्टीवर, बहुतेक वेळा वस्तीला लागून, वितळतं.