थेंबांचा हिशेब

आमच्या वस्तीतील विहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. दहावीची मुले येतात, तशा अलीकडे नर्सिंगच्या मुलीही येऊ लागल्या आहेत. कुणाचे वडील मोंढ्यात हमाली करतात, कुणाची आई कापूस वेचायला जाते. त्यातली एक मुलगी परवा वही घेऊन आली आणि म्हणाली, "काका, बाकी सगळं पाठ होतं. पण सलाईनचं गणित आलं की हातपाय गळतात. मैत्रिणीचं बघून लिहिते."

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. औषधातले आम्हाला काही कळत नाही. पण "बघून लिहिते" हे शब्द मनातून जाईनात. आमच्या रोजकीर्दीत चूक झाली तर दुसऱ्या दिवशी उलट नोंद करता येते. शिरेतून गेलेले औषध परत काढता येत नाही.

दोष मुलींचा नाही. या शिक्षणाला कला शाखेच्या मुलींनाही प्रवेश मिळतो आणि त्यांचे गणित दहावीलाच सुटलेले असते. पण आम्ही तिच्यासोबत वही उघडून बसलो, तेव्हा दिसले ते आपले शाळेतलेच त्रैराशिक!

डॉक्टरांनी लिहिले, ५०० मिलीची बाटली ४ तासांत द्या. सलाईनच्या सेटच्या पाकिटावर छापलेले असते, १ मिली म्हणजे २० थेंब. म्हणजे एकूण थेंब ५०० गुणिले २०, दहा हजार. ४ तासांची मिनिटे २४०. दहा हजाराला २४० ने भागा, मिनिटाला सुमारे ४२ थेंब. घड्याळ लावून १५ सेकंदांत दहा-अकरा थेंब पडले की हिशेब जुळला.

त्या मुलीचे उत्तर २५०० आले होते. तासांची मिनिटे करायची राहिली होती. आम्ही विचारले, "बाई, मिनिटाला अडीच हजार थेंब मोजता येतील का?" ती हसली आणि चूक तिची तिलाच सापडली. उत्तर आले की ते खरे वाटते का, हे आधी पाहावे. हिशेबनीस हेच करतो.

दुसरी गोष्ट सेटची. लहान मुलांसाठी बारीक थेंबांचा सेट असतो, त्यात १ मिलीचे ६० थेंब होतात. १०० मिली २ तासांत द्यायचे तर मिनिटाला ५० थेंब. पण हेच ५० थेंब २० च्या सेटने सोडले, तर दोन तासांचे पाणी ४० मिनिटांत लेकराच्या अंगात जाते. म्हणून आधी पाकीट वाचायचे, मग गणित मांडायचे.

औषधाचेही तसेच. लेकराला १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचे आहे. बाटलीवर ५ मिलीत १२५ लिहिले असेल तर ६ मिली, २५० लिहिले असेल तर ३ मिली. जोरकस बाटलीतून सवयीने ६ मिली दिले, की डोस दुप्पट झाला. घरी औषध पाजणाऱ्या आयांनीही हे ध्यानात ठेवावे. शिवाय १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. अर्धा लिहायचा तर ०.५ असा शून्य लावून लिहावा, नुसते .५ लिहिले तर कुणी ५ वाचेल. एका टिंबाने दहापट फरक पडतो.

आता घरच्या मंडळींना एक विनंती. परभणीचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे. उलट्या-जुलाब, ऊन लागणे, दवाखान्यात खाटेगणिक सलाईन. रोजंदारी बुडते म्हणून कुणी नातेवाईक नळीवरची चाकी फिरवून थेंब वाढवतो, "लवकर संपू द्या" म्हणतो. त्यात आपली माया असते, पण म्हाताऱ्या माणसाच्या किंवा हृदयाच्या रोग्याच्या फुप्फुसात पाणी भरून जीव घाबरा होऊ शकतो. चाकीला हात लावू नका, सिस्टरला हाक मारा.

आणि मुलींनो, तुम्हाला शेवटचे सांगणे. शंका आली तर विचारा. "हिला येत नाही" असे कुणी म्हणेल या भीतीने आपल्या मुली गप्प राहतात. दुसऱ्या सिस्टरकडून हिशेब ताडून घेण्यात कमीपणा नाही. आमच्या कार्यालयातही एकाने केलेली बेरीज दुसरा तपासतो, आणि तिथे तर फक्त पैशांचा प्रश्न असतो.

जिंतूर, पूर्णा, गंगाखेड, सेलू, जिथे जिथे आपले अभ्यासवर्ग चालतात, तिथे गणित येणाऱ्या एकाने आठवड्यातून एक तास या मुलींसाठी द्यावा. फार विद्वत्ता लागत नाही. ती मुलगी आता रोज पाच गणिते सोडवते आणि तिची वही आता मैत्रिणी मागतात. ती मात्र वही देत नाही. म्हणते, "शेजारी बसा, सोबत सोडवू."